बॅटरीवर गरम होणारं जॅकेट: रब्बीच्या रात्रपाळीत हिवाळाभर वापरून

नोव्हेंबरात घेतलं, आता मार्च उजाडलाय. गहू, हरभरा आणि केळी, तिन्हींच्या पाण्याला रात्री शेतात गेलो तेव्हा हे जॅकेट अंगात होतं. आमच्या रावेर तालुक्यात शेतीची थ्री फेज लाइन आठ तास मिळते आणि आठवड्यातले काही दिवस ती रात्रीचीच असते. दहाला आली की पहाटे सहापर्यंत मोटरीपाशी मुक्काम.

बाहेरच्यांना खान्देश म्हटलं की फक्त मे महिना आठवतो. पण डिसेंबर-जानेवारीत धुळ्याचा पारा पाच-सहा अंशांवर आल्याच्या बातम्या दर एक-दोन वर्षांनी येतातच. आमची केळी तर पारा दहाच्या खाली गेला की आकसते, वाढ थांबते, पानं पिवळी पडतात. म्हणून थंडीच्या लाटेत बागेला मुद्दाम रात्रीच पाणी देतात, बांधाला काडीकचरा पेटवून धूर करतात. विहिरीचं पाणी त्या वेळी हवेपेक्षा कोमट असतं, त्याने बागेतला गारठा थोडा मोडतो. म्हणजे ज्या रात्री घराबाहेर पडू नये, नेमक्या त्याच रात्री आम्ही बाहेर.

परदेशात हे कपडे शिकारीवाल्यांमध्ये फार चालतात. हरणाची वाट बघत मचाणावर तासन्‌तास न हलता बसायचं म्हणून. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याने तो विषय बंद आहे आणि बंदच बरा. पण जॅकेट निवडण्याची त्यांची कसोटी मला पटली. पारा किती उतरतो हे नंतर बघायचं; आधी आपण किती वेळ एका जागी बसतो ते बघायचं. गव्हाचे वाफे फोडत फिरणाऱ्याला साधं स्वेटर आणि कानटोपी पुरते, उलट घाम येतो. ठिबकचे व्हॉल फिरवून झाले की पुढचा तास-दीड तास काम नसतं, तेव्हा थंडी हाडात शिरते. रानडुकरांसाठी मक्यात राखणीला बसणाऱ्याचं तर सगळं कामच बसण्याचं. फिरतं काम असेल तर यात पैसे घालू नका, एवढं मी सरळ सांगतो.

बाह्यांचं घ्यायचं की बिनबाह्यांचं, यात मी बिनबाह्यांचं घेतलं, तीन हजारांच्या आत. छाती, पोट आणि पाठ गरम राहिली की शरीर हातापायांचं रक्त आखडून घेत नाही, बोटं आपोआप बरी राहतात. शिवाय फावडं चालवताना बाही आड येत नाही. माझ्यात गरम होणारे चार पट्टे आहेत: पोटाशी दोन, पाठीवर एक आणि मानेशी एक. मानेचा सगळ्यात कामाचा. गरम होणारे हातमोजे गावातल्या एकाने घेतले होते. ओल्या चिखलात दोन दिवसांत त्यांची कळा गेली.

पट्टा अंगाला टेकला पाहिजे, हे कोणी सांगत नाही. जाड स्वेटरवर घातलं तर ऊब स्वेटरातच मुरते. आत एक पातळ बनियन किंवा टीशर्ट, त्यावर हे अंगासरशी, आणि वरून वारा अडवणारं काहीतरी. मी जुना रेनकोट घालतो. ऑनलाइन घेताना लोक नेहमीच्या सवयीने एक माप मोठं मागवतात, ते इथे करू नका.

आता बॅटरी. जॅकेटपेक्षा जास्त डोकं इथे लावावं लागतं. दोन प्रकार येतात. एक कंपनीच्याच ७.४ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारे, ते जास्त तापतात. दुसरे साध्या पॉवर बँकेवर, ५ व्होल्टचे. मी दुसरा प्रकार घेतला, कारण बॅटरी मेली तर नवी भुसावळच्या कुठल्याही मोबाइल दुकानात मिळते. कंपनीची बॅटरी गेली आणि माल संपलेला असला, तर जॅकेट खुंटीला.

विक्रेत्याने पानावर 'एका चार्जमध्ये दहा तास' लिहिलं होतं. कुठल्या बटणावर दहा तास, ते नव्हतं. हिशोब सोपा आहे. १०,००० एमएएच हा आकडा आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टचा असतो, म्हणजे ३७ वॉट-तास. ५ व्होल्ट करताना काही वाया जातं, हातात तीसेक उरतात. पॉवर बँकेच्या पाठीवर बारीक अक्षरात 'रेटेड कपॅसिटी' लिहिलेली असते, सहा हजारांच्या आसपास. तोच खरा आकडा. जॅकेट लाल दिव्यावर, म्हणजे सगळ्यात जास्तीवर, दहा वॉट ओढतं. झाले तीन तास. माझा अनुभवही बरोबर तेवढाच. निळ्यावर, म्हणजे सगळ्यात कमीवर, मात्र जवळजवळ रात्र निघते. मी सुरुवातीला दहा मिनिटं लाल, मग निळा, आणि पहाटे चारनंतर पांढरा, म्हणजे मधला. तीन ते पाचची थंडी कशी असते ते पाणी भरणाऱ्याला सांगायला नको. सारखा लालच ठेवला तर घाम फुटतो, आणि घामेजलेल्या अंगावर वारा लागला की आधीपेक्षा वाईट.

दोन पॉवर बँका ठेवा, बीआयएसचा नंबर छापलेल्या. काही पॉवर बँका कमी ओढ असली की आपोआप बंद होतात. म्हणून शेतात नेण्याआधी घरीच जॅकेट निळ्यावर अर्धा तास चालवून बघा.

छातीवरचं बटण अंधारात चमकतं, लालवर असलं की तर लालभडक. माझा सालदार म्हणाला, "भाऊ, लांबून वाटतं कोणी बिडी पेटवून उभंय." पाण्याला याने काही बिघडत नाही, पण राखणीला बसणाऱ्याने बटण आतल्या बाजूला असलेलं घ्यावं, किंवा वर काळी पट्टी चिकटवावी. त्याहून महत्त्वाचं कापड. माझ्या जॅकेटचं वरचं नायलॉन हललं की सळसळतं. डुक्कर मक्यात शिरलं की ताटं मोडल्याचा आवाज येतो, तोच ऐकायचा असतो. आपलंच कापड कानाशी वाजत असेल तर काय ऐकणार? शिकारीवाले मऊ, लवदार कापडाचा आग्रह धरतात तो उगाच नाही. पुढचं घेईन तर तसलंच.

आमच्या नानांना साखर आहे, पायाची बोटं बधिर आहेत. त्यांच्यासाठी गरम होणारे पायमोजे घ्यावेत असं घरात चाललं होतं, मी नाही म्हटलं. चटका बसत नाही इतकी साधी ऊबसुद्धा एकाच जागी तासन्‌तास राहिली तर कातडी भाजते, आणि बधिर पायाला ते कळतही नाही. त्यांना लोकरीचे मोजे आणून दिले. याच कारणाने जॅकेट चालू ठेवून खोपीत झोपू नका. आणि मोटरीचा स्टार्टर दाबायचा असेल तेव्हा पॉवर बँकेची वायर बाहेर लोंबत नाही ना, ते बघत जा. ओल्या हाताचा धोका आहेच, त्यात आणखी अडकण्याची भर नको.

धुणं: बॅटरी काढायची, वायरीच्या तोंडाला रबरी टोपण लावायचं, बादलीत हाताने खळबळून घ्यायचं. पिळायचं नाही, इस्त्री नाही. घरात हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर धुणं बडवणीखाली जाईल. डाव्या काखेजवळ आतली वायर थोडी टोचायला लागली आहे, शिवण उसवून तिथे कापडाचा तुकडा लावून घेतला. पाठीचा पट्टा पहिल्यापेक्षा जरा उशिरा तापतो असं वाटतं, बाकी तिन्ही ठीक.

दिवसा वीज देणारी सौर वाहिनी आमच्या फीडरला मिळाली तर याचं निम्मं काम संपेल, आणि त्याचं मला बिलकुल वाईट वाटणार नाही. तोवर पुढचा हिवाळा आहेच. दोन्ही पॉवर बँका निम्म्याच चार्ज करून घरात खालच्या खोलीतल्या कपाटात ठेवल्या आहेत. शेतातल्या पत्र्याच्या खोलीत ठेवल्या असत्या, पण तिथे मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना आत काय होतं ते माहीत आहे. मध्ये एकदा पावसाळ्यात चार्ज बघून घेईन.