१/३५० च्या युद्धनौकेवर ईझेड लाइन: ताणाचा दोरा कुठे चालतो, कुठे नाही

ईझेड लाइन हा बर्कशायर जंक्शन कंपनीचा लवचिक दोरा. तो मुळात मॉडेल रेल्वेच्या तारखांबांसाठी निघाला आणि तिथून जहाजांची मॉडेलं करणाऱ्यांनी तो उचलला. रिळावर १०० फूट, म्हणजे सुमारे ३० मीटर दोरा असतो. फाइन आणि हेवी अशा दोन जाड्या मिळतात. १/३५० च्या, म्हणजे खऱ्याच्या ३५०व्या हिश्शाएवढ्या, जहाजाला फाइन जरूर घ्या. १/७०० ला दोन्ही नकोत.

कारण साध्या गणितात आहे. फाइन ०.०७६ मिमी जाड, म्हणजे १/३५० ला खऱ्या जहाजावरची जवळपास २७ मिमीची तार. रेडिओच्या तारेसाठी हे जाडच आहे, पण डोळ्यांना खटकत नाही. हेवी दुप्पट जाड असल्यामुळे तिथे ५३ मिमीची भरते. तिची खरी जागा १/२०० वर. फाइनच १/७०० वर लावली तर तीही ५३ मिमीची होते आणि विनाशिकेच्या डोलकाठीवर मनगटाएवढे दोरखंड लोंबताहेत असं दिसतं. ताणल्यावर दोरा बारीक होतो हे खरं, पण दुप्पट लांब ओढला तरी जाडी तीस टक्क्यांच्या आसपासच घटते आणि तेवढ्या ताणाने डोलकाठी वाकते.

उदाहरणार्थ टामिया कंपनीची १/३५० फ्लेचर ही अमेरिकन विनाशिका घ्या. किटमधली प्लास्टिकची डोलकाठी एका बाजूच्या दोन-तीन दोऱ्यांनीही कलू शकते, म्हणून आधी ती पितळी सळीची करून घ्यावी. दोरे नेहमी जोडीने लावा: एक डावीकडे, लगेच त्याचा जोडीदार उजवीकडे. आधी डोलकाठीचे आधारदोर, मग रेडिओच्या तारा, सगळ्यात शेवटी झेंड्यांचे दोर. हा क्रम उलटला तर आतल्या दोऱ्यापर्यंत चिमटा पोचतच नाही.

रंगकाम आणि मॅट वार्निश दोऱ्याच्या आधी पूर्ण झालेलं हवं, कारण ताणलेल्या दोऱ्यावरचा रंग तडकतो. लागणाऱ्या लांबीपेक्षा निम्मा जास्त तुकडा कापा. एक टोक काठीवर जेल सायनोने (सायनो म्हणजे सुपरग्लू, जेल हा त्याचा दाट प्रकार) चिकटवा आणि ते पूर्ण घट्ट होईपर्यंत हात लावू नका; सगळ्यात जास्त जोड इथेच सुटतात. मग डेकवरच्या ०.३ मिमीच्या छिद्रात पातळ सायनोचा ठिपका ठेवा, दोरा फार तर पाचव्या हिश्शाने ताणून तिथे टेकवा आणि दहा सेकंद धरा. उरलेलं टोक नव्या पात्याने कापा. बोथट पातं दोरा कापण्याआधी ओढतं आणि जोड उखडतो.

गोंद ठेवायला शिवणकामाची सुई उत्तम: नेढ्याचं टोक घासून उघडं केलं की दोन बेळक्यांत नेमका थेंब अडकतो. थेंब मोठा झाला तर सायनो दोऱ्यावरून दोन-तीन मिलिमीटर चढतो. तेवढा भाग ताठ आणि चकचकीत होतो, पुढे ताण आला की तिथेच तुटतो. अ‍ॅक्सिलरेटर, म्हणजे सायनो झटकन घट्ट करणारं रसायन, वापरू नका. पांढरी बुरशीसारखी झाक येते आणि काळ्या दोऱ्यावरून ती जात नाही. आपल्याकडे पावसाळ्यात त्याची गरजही नसते, सायनो हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतो. मात्र त्याच ओलाव्याने उघडी बाटली लवकर खराब होते. ती सिलिका जेलच्या पुडीसह बंद डब्यात ठेवा.

या दोऱ्याचा सर्वांत मोठा गुण दुरुस्तीच्या वेळी कळतो. तोफेचा मनोरा चिकटवताना बोट लागलं तरी दोरा वाकतो आणि परत जागेवर येतो. ताणलेली स्प्रू, म्हणजे किटच्या भागांभोवतीची प्लास्टिकची चौकट तापवून ओढलेला धागा, अशा वेळी तुटते. नायलॉन दमट हवेत सैल पडतं. इथे दोन्ही भानगडी नाहीत.

दोषही आहेत. दोरा पूर्ण गोल नाही, त्याला पीळ पडला की उजेडात पट्टीसारखा चमकतो. दुसरं टोक चिकटवण्याआधी पीळ सोडवा. काळा रंग या प्रमाणाला जरा भारी वाटतो. पांढरं रीळ घेऊन, दोरा लावण्याआधी राखाडी अल्कोहोल मार्करमधून ओढून घेतला तर छान उठाव येतो. रेडिओच्या तारेवरचे इन्सुलेटर म्हणजे पांढऱ्या फेव्हिकॉलचे ठिपके. ते दोरा ताणून झाल्यावरच द्या, आधी दिलेले ठिपके ताणताना सुटतात.

१/७०० साठी अजूनही मेणबत्तीवर ताणलेली स्प्रूच बरी. ती सैल पडली तर पेटती अगरबत्ती जवळ नेली की आखडून सरळ होते. हाच प्रयोग ईझेड लाइनवर करू नका, उष्णतेने ती क्षणात तुटते.