गेटवेसमोर बोट ठेवावी का? पाच सीझननंतरचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, मरिना डोक्यात असेल तर ती काढून टाका. पाँटूनला, म्हणजे तरंगत्या धक्क्याला बोट लावली, वीज-पाणी जोडलं आणि चपला घालून टणकन उतरलो, हे सुख हवं तर कोचीला बोळगट्टीची मरिना आहे, पण ती इथून चार-पाच दिवसांचं सेलिंग, शनिवारी सकाळी दादरहून कोण जाणार? इथे मिळतं ते मूरिंग. तळाशी वजन, त्याला साखळी, वर तरंगणारा बोया आणि तिथवर सोडणारा होडीवाला, ज्याचा रेट तुमच्या कपड्यांवर ठरतो.

आमची २६ फुटी सेकंडहँड बोट, मित्राची आणि माझी अर्धी अर्धी. ऑक्टोबर ते मे जागा खरंच झकास. कुलाब्याची जमीन पश्चिमेची लाट अडवते त्यामुळे बाहेर खवळलेलं असलं तरी आत झोप लागते. लागली असती म्हणजे, लाँचवाले नसते तर. दिवसभर एलिफंटा नि अलिबागकडच्या मांडव्याच्या फेऱ्या चालू आणि प्रत्येकीची लाट बोटीवर, पोह्यांची डिश दोनदा आडवी झालीय. खरं नुकसान बोयाला बांधलेल्या दोराचं होतं. पहिल्या वर्षी पुढच्या कडेला जिथे दोर घासतो तिथे मी जुनं फडकं गुंडाळलेलं, तीन आठवड्यांनी बघतो तर तीनातले दोन पदर तुटून बोट तिसऱ्यावर लोंबतेय. तेव्हापासून आगीच्या बंबाच्या पाइपचा तुकडा चढवतो.

दुसरं म्हणजे भरती-ओहोटी. उधाणाला इथे पाणी चार मीटरहून जास्त वरखाली होतं. आमच्या बोटीला साडेचार फूट पाणी लागतं, म्हणून रेवसकडची खाडी बाद, तिथे ओहोटीला नुसता चिखल. गेटवेला तो प्रश्न नाही, फक्त धक्क्याच्या शेवाळलेल्या पायऱ्या सांभाळा (बायको एकदा बसूनच खाली आली, अजून ऐकवते).

एक सीझन मांडव्याला ठेवून बघितली. पाणी स्वच्छ, गर्दी कमी, गाड्या नेणाऱ्या रो-रो बोटीसाठी ब्रेकवॉटर, म्हणजे लाटा अडवणारा बांधही बांधलाय आणि २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट जाता येतं. पण रात्री वारा सुटला की बोट तिकडे आणि आपण दादरला, जीव नुसता टांगणीला. गेटवेला टॅक्सी करून निदान बोट डोळ्यांनी बघता तरी येते. शिवाय दुपारी वायव्येचा वारा धरला की गेटवेहून मांडव्याला मस्त पाठीशी वारा, येताना मात्र तोच तोंडावर, त्यामुळे जेवायला जायचं तर परतीला दुप्पट वेळ धरा.

स्टार साडेतीन. अर्धा होडीवाल्यामुळे कापला, एक अख्खा पावसाळ्यामुळे. जून लागला की इथे बोट ठेवायची हिंमत करू नका, मांडव्याच्या लाँचसुद्धा बंद असतात. मेच्या मध्याला बोट वर काढावीच लागते आणि २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ १७ मेलाच मुंबईजवळून गेलं, त्यामुळे आम्ही आता एप्रिलअखेरच धरतो. एका यार्डात क्रेनचा रेट फोनवर एक सांगितला नि बिलात बोट उचलायच्या पट्ट्यांचे वेगळे पैसे, तेव्हा सगळं लिहून घ्या आणि तारीख उधाण बघूनच ठरवा. कोळी नारळी पौर्णिमेला नारळ वाहून निघतात, आमची बोट दसऱ्यानंतर उतरते. बंबाचा नवा पाइप चोर बाजारातून आणून ठेवलाय, घासाघीस करून पन्नास रुपयांत.