कपाळावरचं बोटॉक्स: चार महिन्यांचा हिशेब

बोटॉक्स म्हणजे स्नायू काही महिने सैल करून सुरकुत्या कमी करणारं इंजेक्शन. भुवयांमधल्या उभ्या आठ्या, कपाळावरच्या आडव्या रेषा आणि डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या, एवढ्याच तीन जागांबद्दल हे लिहिलं आहे. पहिल्या आठवड्यात निकाल लावू नका. टोचल्यावर डास चावल्यासारखे फुगवटे येतात, ते अर्ध्या तासात बसतात. खरं काम तीन ते पाच दिवसांनी सुरू होतं आणि चौदाव्या दिवशी पूर्ण कळतं. मज्जातंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलीन हे निरोप नेणारं रसायन सुटणं हे औषध अडवतं, त्यामुळे स्नायूला आकसायचा निरोपच पोचत नाही. दोन्ही बाजू एकाच दिवशी सैल होतील असं नाही. चौथ्या दिवशी भुवया वरखाली दिसल्या म्हणून पुन्हा टोचून घ्यायला धावलात, तर नंतर कपाळ पाटीसारखं सपाट होईल.

मात्रेचा हिशेब असा: भुवयांमध्ये पाच जागी चार-चार, म्हणजे 20 युनिट. डोळ्यांच्या कडांना दोन्ही बाजू मिळून 24. कपाळाला 20, तेही भुवयांमधल्या 20 च्या जोडीला. हे आकडे बोटॉक्सचे. डिस्पोर्ट हा याच प्रकारच्या औषधाचा दुसरा ब्रँड, त्याचं युनिट वेगळं, तिथे नुसत्या भुवयांमध्येच 50 लागतात. ‘तिला कमी युनिटमध्ये झालं’ ही तुलना ब्रँड विचारल्याशिवाय निरर्थक.

कुपीत कोरडी पूड असते, ती सलाईनमध्ये विरघळवतात. 100 युनिटच्या कुपीत अडीच मिली घातलं की 0.1 मिलीत 4 युनिट येतात. म्हणून सिरिंज किती भरली ते पाहू नका, युनिट किती ते विचारा. कुपी 2 ते 8 अंशांत राहायला हवी. आपल्याकडे आषाढ-श्रावणात वादळी पावसात लाईट तासन्‌तास गायब असते, तेव्हा क्लिनिकच्या फ्रिजला इन्व्हर्टर आहे का हे निःसंकोच विचारा. कुपी समोर उघडायला लावा, बॅच आणि मुदत वाचा.

सगळ्यात त्रासाचं म्हणजे पापणी खाली येणं. औषध खाली सरकून पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत गेलं की हे होतं. साधारण पहिल्या दहा दिवसांत दिसतं आणि काही आठवड्यांत आपोआप सुटतं. तोवर डॉक्टर डोळ्यात घालायचे ॲप्राक्लोनिडिनचे थेंब देऊ शकतात, त्याने पापणी एक-दोन मिलीमीटर वर येते. भुवई जड वाटणं वेगळं. ज्यांची पापणी मुळातच सैल आहे त्यांचं कपाळच भुवया वर धरून ठेवत असतं. ते कपाळ झोपवलं की भुवई डोळ्यावर बसते. साठीच्या आसपास कपाळाला हात लावण्याआधी हे डॉक्टरांशी बोलाच. उलट फक्त मधलं कपाळ सैल झालं तर भुवईचं बाहेरचं टोक नाटकातल्या खलनायकासारखं वर चढतं. त्यावर तिथे एक-दोन युनिट पुरतात, पण चौदा दिवसांनंतरच.

टोचल्यावर चार तास आडवं व्हायचं नाही, म्हणजे कोकण रेल्वेच्या बर्थवर अंग टाकायचं नाही. चोळायचं नाही, डोक्याला तेल जिरवणं आणि सर्दीचा वाफारा दुसऱ्या दिवसावर. व्यायाम चोवीस तास बंद, शिमग्यात पालखी नाचवायची असेल तर तारीख आधीच सांभाळा. या पथ्यांना भक्कम पुरावा नाही, पण पाळायला पैसे लागत नाहीत. डॉक्टरांनी दिलेली रक्त पातळ करणारी गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका. काळानिळा डाग पडला तर तो आठवड्याभराने जातो.

गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्यांनी, तसंच मायस्थेनिया ग्रेव्हिस (स्नायू लवकर थकून दुबळे होण्याचा आजार) असणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये. गिळायला, बोलायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, अगदी काही आठवड्यांनी झाला तरी, थेट इस्पितळ गाठा.

चेहरा स्वस्थ असतानाही दिसणाऱ्या रेषा पूर्ण पुसल्या जात नाहीत. तोंड हलवल्यावर पडणाऱ्या आठ्या जातात, कोरल्या गेलेल्या फिकट होतात. त्यात किनाऱ्यावरचं ऊन आणि पाण्यावरची चमक डोळे बारीक करायला लावते; गॉगल, टोपी आणि सनस्क्रीन नसेल तर डोळ्यांच्या कडांवरचा खर्च वाया. तिसऱ्या महिन्यात आठी पुन्हा हलू लागते, चौथ्यात परत येते. बारा आठवड्यांच्या आत पुढचा डोस नको: वारंवार घेतल्यास शरीर औषधाविरुद्ध प्रतिपिंडं तयार करू शकतं. गणपतीत फोटोला नीट दिसायचं असेल तर तीन-चार आठवडे आधीची तारीख घ्या. चतुर्थीच्या आदल्या दिवशी टोचलं तर आरतीला कपाळावर सुईचा डागच मिरवेल.