चाचणीच्या नावाखाली नकाशा काढून घेणाऱ्यांपासून सावध राहा

कथाप्रधान व्हिडिओ गेमसाठी काल्पनिक प्रदेशांचे सचित्र नकाशे काढणे हा माझा व्यवसाय आहे. या व्यवसायात निवड-चाचणीच्या नावाखाली चित्रकाराकडून फुकट काम कसे काढून घेतले जाते, याचा मला आलेला अनुभव इतरांना उपयोगी पडावा म्हणून सविस्तर लिहीत आहे.

एका गेम स्टुडिओने माझी जुनी चित्रे पाहून ई-मेलने संपर्क साधला. एका काल्पनिक राज्याचा मोठा नकाशा करायचा होता आणि मोबदलाही चांगला सांगितला होता. मात्र निवडीपूर्वी प्रत्येक उमेदवाराने एक लहान भाग विनामूल्य काढून दाखवावा, अशी अट होती. चाचणी मागणे या क्षेत्रात नवे नाही, पण तिच्यासोबत आलेल्या सूचना नीट वाचण्यासारख्या आहेत. नदी पूर्वेच्या कडेवर वरून एक तृतीयांश अंतरावरच बाहेर पडावी, किनाऱ्याची रेषा उत्तरेच्या कडेवर ठरलेल्या खुणेलाच मिळावी, रंग आणि कागदाचा पोत त्यांनी दिलेलाच वापरावा, गावांची नावे वेगळ्या लेअरवर, म्हणजे चित्राच्या फाइलमधील सुट्या थरावर, ठेवावीत आणि पूर्ण आकाराची फाइल सर्व लेअरसह पाठवावी, असे त्यांत होते. नावांचा लेअर वेगळा मागण्याला एरवी रास्त कारण असते, कारण गेम दुसऱ्या भाषेत नेताना तेवढाच बदलावा लागतो. शिवाय खेळाडू पुढे सरकेल तसा प्रदेश उलगडायचा असेल, तर डोंगर, जंगले आणि रस्तेही सुटे लागतात. पण या गरजा प्रत्यक्ष वापरात येणाऱ्या नकाशाच्या आहेत. चित्रकाराचा हात पारखायला कमी आकाराचे, लेअर एकत्र केलेले चित्र पुरते.

फाइल पाठवल्यावर दुसऱ्या उमेदवाराची निवड झाल्याचे दोन ओळींचे उत्तर आले. काही महिन्यांनी त्या गेमचा डेमो आला, तेव्हा त्यातील नकाशाचा नैर्ऋत्य भाग माझा होता. तीच वळणदार खाडी, तिच्या मुखाशी तीच खाजणे आणि गढीच्या तटाखाली मी मारलेल्या त्याच तिरक्या रेघा. बदलली होती ती फक्त गावांची नावे. डोंगरांवर उजेड वरच्या डाव्या कोपऱ्यातून येतो असे धरून उजव्या उतारावर छाया देण्याचा प्रघात आहे आणि माझे डोंगर तसेच होते. परंतु नदीच्या काठाने पूर्वेच्या भागात शिरताच छाया डाव्या उतारावर गेलेली दिसत होती, म्हणजे तो भाग दुसऱ्याच हाताचा होता. माझ्या परिचयाच्या एका चित्रकाराने उत्तरेकडचा एक भाग आपला असल्याचे ओळखले, आणि त्यालाही तेच दोन ओळींचे उत्तर आले होते. म्हणजे उमेदवारांकडून चाचणी म्हणून घेतलेले वेगवेगळे भाग कडेला कडा जुळवून हा नकाशा केला होता.

स्टुडिओला जाब विचारला, तेव्हा चाचणीसाठी आलेले चित्र आमच्याच मालकीचे, असे सांगण्यात आले. हे खरे नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नकाशाचा समावेश कलाकृतीच्या व्याख्येत स्पष्टपणे आहे, हक्क निर्माण होण्यासाठी नोंदणीची गरज नाही, आणि कलम १९ नुसार हे हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे असतील, तर ते देणाऱ्याच्या सहीचा लेखी करार लागतो. मी अशी सही कुठेही केलेली नव्हती.

गेम एका अमेरिकी ऑनलाइन दुकानात असल्यामुळे तिथल्या १९९८ च्या डीएमसीए (डिजिटल मिलेनियम कॉपीराइट ॲक्ट) कायद्याखाली माझे चित्र काढून टाकण्याची नोटीस त्या दुकानाला पाठवता आली. कच्ची रेखाटने, मूळ लेअर असलेली फाइल आणि तारखांसह सगळा ई-मेल व्यवहार माझ्याकडे होता. त्यानंतर डेमोतून माझा भाग काढण्यात आला. मोबदल्याचा एक रुपयाही मिळालेला नाही.

ज्या चाचणीत कडा जुळवून मागितल्या आहेत, ती चाचणी सरळ नाकारावी किंवा आगाऊ पैसे घेऊनच करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या नकाशाचे इतर भाग ज्यांनी काढले, त्यांच्यापर्यंत हे पोहोचले, तर त्यांनी आपल्या मूळ फाइल पुसू नयेत. अशी नोटीस हक्कधारकाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीनेच द्यायची असते, त्यामुळे त्यांच्या भागांसाठी माझी नोटीस चालणार नाही.