लोकप्रतिनिधींचा हिशेब मागण्याच्या सरकारी खिडक्या: नाशिककरांसाठी परीक्षण

आमदार, खासदार किंवा नगरसेवक कोणाच्या सांगण्यावरून कुठे शब्द टाकतो, याची नोंदवही भारतात कुठेच ठेवली जात नाही. अमेरिकेत 1995 पासून कायदा आहे. पैसे घेऊन कायदेमंडळात वजन वापरणाऱ्याला, म्हणजे लॉबिंग करणाऱ्याला, तिथे नाव, गिऱ्हाईक आणि मिळालेली रक्कम नोंदवावी लागते. आपल्याकडे तसा कायदा नसल्यामुळे मतदाराला वेगवेगळ्या कार्यालयांतले कागद जमवून ताडून पाहावे लागतात. हे कागद देणाऱ्या सेवा सरकारीच आहेत, जवळजवळ फुकट आहेत आणि बहुतेकांना त्या ठाऊक नाहीत. सिंहस्थ 2027 साठी नाशिक-त्र्यंबकेश्वरमध्ये रस्ते, घाट आणि मलनिस्सारणाची मोठमोठी कामे निघत असताना या सेवा वापरता येणे फार गरजेचे आहे.

पहिली खिडकी निवडणूक आयोगाच्या शपथपत्र पोर्टलची. सर्वोच्च न्यायालयाच्या 2002 आणि 2003 च्या निकालांनंतर उमेदवाराला गुन्हे, मालमत्ता, कर्ज आणि शिक्षण जाहीर करावे लागते. हा कागद म्हणजे नमुना 26. निवडणूक, राज्य आणि मतदारसंघ निवडला की पीडीएफ फुकट उतरते. शहरापुरते नाशिक पूर्व, नाशिक मध्य, नाशिक पश्चिम आणि देवळाली हे मतदारसंघ पाहायचे. लोकसभेला मात्र जिल्हा तीन मतदारसंघांत विभागला आहे: नाशिक, दिंडोरी, आणि मालेगाव-बागलाणचा भाग धुळ्यात. महापालिकेचे उमेदवार या पोर्टलवर सापडत नाहीत, त्यांचे कागद राज्य निवडणूक आयोगाकडे असतात. इथे चुकून बरेच जण 'माहितीच नाही' असे समजून परत फिरतात.

शपथपत्र वाचायला एकूण बेरजेपासून सुरुवात करू नये. जमिनीचा बाजारभाव वाढला की बेरीज आपोआप फुगते आणि त्यातून काहीच सिद्ध होत नाही. 2019 आणि 2024 ची दोन शपथपत्रे शेजारी ठेवावीत आणि फक्त नवी भर पाहावी. कोणता गट नंबर नव्याने आला? खरेदीची तारीख काय, खरेदी किंमत काय? मग त्याच कागदातले मागच्या पाच वर्षांच्या प्राप्तिकर विवरणपत्रांतले उत्पन्न पाहावे आणि एवढ्या उत्पन्नात ही खरेदी बसते का, ते ताडावे. स्वतःचा रकाना संपला की जोडीदार, एकत्र कुटुंब आणि अवलंबितांचे रकाने तितक्याच बारकाईने वाचावेत.

सर्वांत बोलका भाग असतो कर्जाचा. बँकेचे कर्ज सरळ असते. व्यक्तीकडून किंवा खासगी फर्मकडून घेतलेले हातउसने, तसेच उमेदवाराने दुसऱ्याला दिलेली उसनवारी, या दोन्ही नोंदी नावानिशी द्याव्या लागतात. बांधकाम व्यावसायिकाची किंवा ठेकेदाराची फर्म इथे दिसली तर ते नाव वहीत टिपून ठेवावे, पुढच्या खिडकीत ते लागते. 2018 च्या निकालानंतर नमुन्यात उत्पन्नाचे स्रोत आणि सरकारी कंत्राटांचेही रकाने आले. उमेदवार, जोडीदार, अवलंबित, ते भागीदार असलेल्या फर्म आणि त्यांचे हिस्से असलेल्या खासगी कंपन्या यांची सरकारशी असलेली कंत्राटे तिथे लिहायची असतात. हा रकाना बहुतेक वाचक ओलांडून जातात.

पडताळणी घरबसल्या होते. गट नंबर महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर टाकला की सातबारा दिसतो, शहरी जागेसाठी मिळकत पत्रिका पाहावी. गृहप्रकल्पाचे प्रवर्तक आणि जागामालक महारेराच्या (राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या) संकेतस्थळावर फुकट कळतात. कंपनीचे संचालक कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर मिळतात, तिथे कागदपत्रे उघडायला थोडे शुल्क पडते. उणीव एकच, पण मोठी: निवडणूक निर्णय अधिकारी शपथपत्र पूर्ण भरले आहे का एवढेच पाहतो, ते खरे आहे का हे तो तपासत नाही. रकाना कोरा ठेवता येत नाही हे 2013 च्या निकालाने पक्के झाले, पण खोटे लिहिले तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 125अ खाली शिक्षा जास्तीत जास्त सहा महिने कैद, दंड किंवा दोन्ही. शिवाय दोन निवडणुकांच्या मधल्या पाच वर्षांत या खिडकीत नवा कागद येत नाही. पाचापैकी साडेतीन गुण.

दुसरी खिडकी संसदेच्या संकेतस्थळावरच्या प्रश्नांची. सदस्य, मंत्रालय आणि अधिवेशन निवडून खासदाराने विचारलेला प्रत्येक प्रश्न आणि त्याचे उत्तर वाचता येते. ही सेवा खरोखर चांगली आहे आणि नाशिक विभागाने ती का वापरावी याला इतिहास आहे. डिसेंबर 2005 मध्ये पत्रकारांनी लघुउद्योजकांच्या एका बनावट संघटनेच्या नावाने खासदारांना पैसे दिले आणि प्रश्न विचारायला लावले. कॅमेऱ्यावर सगळे आल्यानंतर 23 डिसेंबर 2005 रोजी अकरा खासदारांची हकालपट्टी झाली. त्यांत एरंडोल आणि जळगाव हे आपल्याच विभागातले दोन मतदारसंघ होते. जानेवारी 2007 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही कारवाई वैध ठरवली. त्याआधी 1951 मध्ये मुंबईच्या सराफा व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून पैसे घेतल्याबद्दल एच. जी. मुद्गल यांना हंगामी संसदेतून जावे लागले होते. दोन्ही वेळा व्यवहार तोच: व्यापाऱ्याचे काम, सदस्याचा प्रश्न आणि मधे पैसा.

प्रश्न वाचताना मतदारसंघाशी नाते आहे का, हे आधी पाहावे. लासलगावच्या बाजारपेठेमुळे नाशिक-दिंडोरीच्या खासदाराने कांद्याच्या निर्यातशुल्कावर दहा प्रश्न विचारले तरी त्यात काही वावगे नाही, ते त्याचे कामच आहे. पण दूरच्या राज्यातल्या एखाद्याच बंदराच्या परवान्यावर, एखाद्याच औषधाच्या किमतीवर किंवा एकाच कंपनीला अडवणाऱ्या नियमावर पुन्हा पुन्हा प्रश्न येत असतील तर ते वेगळे काढून ठेवावेत. नुसता प्रश्न हा पुरावा नसतो. तो पुढच्या शोधाचा धागा असतो, आणि शपथपत्रातून टिपलेली नावे इथे उपयोगी पडतात. लोकसभेत एका दिवसाला 20 तारांकित आणि 230 अतारांकित प्रश्न घेतले जातात. तारांकिताला तोंडी उत्तर मिळते, बारीक तपशील मात्र अतारांकिताच्या लेखी उत्तरात जास्त असतो. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर प्रश्न आणि लक्षवेधी सूचना अधिवेशनवार पाहाव्या लागतात, त्यामुळे वेळ धरून बसावे. संसदेला साडेचार, विधिमंडळाला अडीच.

सभागृहात लाच घेऊन मत दिले किंवा भाषण केले तरी खटला चालत नाही, अशी ढाल 1998 च्या निकालाने सदस्यांना मिळाली होती. 4 मार्च 2024 रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठाने ती काढून घेतली. मध्यस्थासाठी भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात 2018 पासून कलम 7अ आहे. लाच मागितल्याची तक्रार असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या 1064 या क्रमांकावर ती रक्कम देण्याआधी करायची असते. पैसे देऊन झाल्यावर सापळा लावता येत नाही.

विकासनिधीच्या खिडकीबद्दल थोडक्यात. खासदाराला वर्षाला 5 कोटी रुपये मिळतात, महाराष्ट्रातल्या आमदाराचा निधीही 2022 पासून 5 कोटी आहे. खासदार निधीची शिफारस, मंजुरी आणि पूर्ण झालेली कामे ई-साक्षी पोर्टलवर दिसतात. आमदार निधीसाठी जिल्हाधिकारी कार्यालयातल्या जिल्हा नियोजन विभागाकडे जावे. इथे एकच गोष्ट नीट तपासावी: काम एखाद्या संस्थेला दिले असेल तर त्या संस्थेचे विश्वस्त कोण आहेत. खासदार किंवा त्याचे कुटुंबीय पदाधिकारी असलेल्या संस्थेला खासदार निधी देता येत नाही. विश्वस्तांची नावे सह धर्मादाय आयुक्त कार्यालयातून पीटीआरच्या (सार्वजनिक न्यास नोंदवहीच्या) उताऱ्यात मिळतात. वाचनालय, व्यायामशाळा, सभामंडप या कामांत हे जरूर पाहावे.

आता या सगळ्यांत महत्त्वाची सेवा: माहिती अधिकार, आणि त्याला जोडून सोमवारची दुपार. राज्य शासनाच्या नोव्हेंबर 2018 च्या परिपत्रकानुसार जिल्हास्तरीय कार्यालये आणि स्थानिक स्वराज्य संस्थांनी दर सोमवारी दुपारी 3 ते 5 अभिलेख पाहायला खुले ठेवायचे आहेत. सोमवारी सुटी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. महापालिकेसाठी शरणपूर रस्त्यावरचे राजीव गांधी भवन किंवा त्या त्या विभागीय कार्यालयात जायचे. ही सेवा मोलाची आहे, कारण अर्जावर मिळते ते फक्त मागितलेले पान, आणि इथे पूर्ण फाईल समोर येते.

फाईल कशी पाहायची हे ठाऊक नसेल तर दोन तास वाया जातात. एका बाजूला टिपणी, म्हणजे अधिकाऱ्यांनी लिहिलेली मते, दुसऱ्या बाजूला पत्रव्यवहार. नवखा माणूस टिपणीपासून वाचायला लागतो आणि दमतो. आधी पत्रव्यवहार उलटावा. लोकप्रतिनिधीच्या लेटरहेडवरचे शिफारसपत्र तिथे असते, आणि आपल्या देशात लॉबिंगचा कागदी माग इतकाच उरतो. पत्राची तारीख, आवक क्रमांक आणि त्यावरचा 'तातडीने सादर करा' असा शेरा टिपावा. मग टिपणीत जाऊन त्या तारखेनंतर मत बदलले का, ते पाहावे. कनिष्ठ अभियंत्याने 'आवश्यकता नाही' लिहिलेले काम दहा दिवसांत 'आवश्यक' झाले असेल तर तो बदल कोणाच्या सहीने झाला, हे तिथेच दिसते. त्यानंतर क्रम असा: प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदेची जाहिरात, तुलनात्मक तक्ता, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, देयक. निविदेत किती जण आले आणि किती तांत्रिक टप्प्यावर बाद झाले, हे तुलनात्मक तक्त्यात कळते. एकाच ठेकेदाराला बसेल अशी अट घालणे ही जुनी खोड आहे, म्हणून निविदेचा मूळ मसुदा आणि नंतरची शुद्धिपत्रके दोन्ही मागावीत. मुदत संपायच्या तोंडावर आलेले शुद्धिपत्रक विशेष लक्ष देऊन वाचावे.

नगरसेवकाच्या बाबतीत याला कायद्याचे बळ आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 10 नुसार महापालिकेच्या कंत्राटात स्वतःचा किंवा भागीदाराचा, थेट किंवा आडून, हितसंबंध असेल तर सदस्य अपात्र ठरतो. शपथपत्रातली फर्म आणि कार्यारंभ आदेशातली फर्म जुळली की हे कलम लागू होते का, ते वकिलाकडून तपासून घ्यावे.

सोमवारच्या सेवेचा दोष असा की परिपत्रकाच्या आधारे फाईल दाखवली नाही तर अपील करता येत नाही. अपील फक्त माहिती अधिकाराच्या अर्जावर होते. म्हणून त्याच दिवशी 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून जोडपत्र अ (अर्जाचा नमुना) भरावे, त्यात 'अभिलेख अवलोकन व निवडक पानांच्या साक्षांकित प्रती' असे लिहावे आणि दुसऱ्या प्रतीवर पोहोच घ्यावी. प्रतीला पानामागे 2 रुपये. अवलोकनाचा पहिला तास मोफत असतो.

अर्ज फेटाळले जातात ते बहुतेक लिहिण्यातल्या चुकीमुळे. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जाला एकच विषय आणि सर्वसाधारणपणे 150 शब्दांची मर्यादा आहे. 'हे काम का दिले?' असे विचारले तर 'प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देय नाही' असे उत्तर येते. त्याऐवजी 'अमुक कामाच्या फाईलमधील दिनांक अमुक ते अमुक या काळात लोकप्रतिनिधींकडून आलेल्या सर्व पत्रांच्या प्रती व त्यावरील टिपणीच्या प्रती' असे मागावे. कागदाचे नाव घ्या, कारण विचारू नका. अर्ज आमदारांच्या संपर्क कार्यालयात टाकून उपयोग नाही. ज्या कार्यालयात पत्र पोचले, तिथल्या जन माहिती अधिकाऱ्याकडे तो जायला हवा. चुकीच्या कार्यालयात गेला तर कलम 6(3) नुसार त्यांनी तो पाच दिवसांत पुढे पाठवायचा असतो.

ऑनलाइन पोर्टलने टपालाचा त्रास वाचतो, नोंदणी क्रमांक लगेच मिळतो. आपले कार्यालय यादीत दिसते का ते आधी पाहावे, आणि चुकीचा विभाग निवडू नये. मोठ्या कार्यालयांत शाखा अनेक, माहिती अधिकारीही अनेक, आणि अर्ज टेबलावरून टेबलावर फिरण्यातच मुदत जाते. अवलोकन हवे असेल तर कागदी अर्ज बरा.

नोव्हेंबर 2025 पासून नवी अडचण आली आहे. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्याने कलम 8(1)(ञ) आखडले आणि 'वैयक्तिक माहिती' म्हटले की नकार देणे सोपे झाले. कलम 8(2) मात्र शाबूत आहे: जनहित मोठे असेल तर माहिती द्यावी लागते. म्हणून अर्जातच एक ओळ घालावी, की पत्र पदाच्या लेटरहेडवर, सार्वजनिक निधीच्या कामासाठी लिहिलेले असून कलम 8(2) लागू करावे. ही ओळ अपिलात कामी येते.

30 दिवसांत उत्तर नाही आले तर पुढच्या 30 दिवसांत प्रथम अपील, जोडपत्र ब, 20 रुपयांचा स्टॅम्प. मुदत उलटल्यावर दिलेली माहिती मोफत द्यावी लागते, तेव्हा पानांचे पैसे भरू नयेत. अपिलीय अधिकाऱ्याला 30, फार तर 45 दिवस. त्यानंतर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे द्वितीय अपील. अधिकाऱ्याला दिवसाला 250, कमाल 25,000 रुपये दंड होऊ शकतो, पण द्वितीय अपील किती दिवसांत निकाली काढायचे याची मुदत कायद्यात नाही. ज्या कामाची माहिती मागितली, त्याचे देयक तोवर निघून गेलेले असते. म्हणून माहिती अधिकाराच्या अर्जाला पाचापैकी तीन आणि सोमवारच्या दुपारीला साडेचार. सिंहस्थाच्या कामांची फाईल पाहायची असेल तर कार्यारंभ आदेशाच्या आधीच, निविदा सुरू असतानाच जावे. सोबत निविदा क्रमांक, शपथपत्रातून टिपलेली नावे आणि अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात.