दाजीपूरचं बुकिंग आणि आमचे १४,४०० रुपये

डिसेंबरातला शुक्रवार. रात्रीची जेवणं आटोपली आणि आबा, म्हणजे माझे वडील, एकदम म्हणाले, "दाजीपूरला जाऊन यायचं का रं? थंडी हाय तंवर."

आबांचं आजोळ राधानगरीजवळचं. लहानपणी त्यांनी सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या खडकाळ पठारावर चरणारा गव्यांचा कळप पाहिलेला. काळंभोर अंग आणि गुडघ्याखाली मोजे घातल्यासारखे पांढरे पाय, हे वर्णन आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. आता त्यांचे गुडघे दुखतात, त्यामुळं त्यांनी स्वतःहून विचारलंय तर नाही कसं म्हणायचं? कोल्हापूरपासून ऐंशीएक किलोमीटरचा रस्ता. पहाटे फुलेवाडीतून निघायचं ठरलं. फक्त राहायची सोय बघायची होती.

१९५८ साली घोषित झालेलं हे अभयारण्य. नाव सगळ्यांना माहीत, आणि डिसेंबरातल्या शनिवार-रविवारी राहायच्या जागा मोजक्याच. दोन ठिकाणी फोन केले, दोन्ही भरलेली. तिसऱ्यांदा मोबाइलवर शोधताना एक पान सापडलं. मातीच्या झोपड्या, शेकोटी, "सफारीसह" आणि खाली व्हॉट्सअ‍ॅपचा नंबर. लगेच उत्तर आलं. माणूस मराठीच बोलत होता, अगदी गोड. "दादा, एकच कॉटेज शिल्लक आहे. वडीलधारी माणसं आहेत म्हणता, तर जीप दारात लावतो."

एकूण ७,२०० रुपये, निम्मे आगाऊ. ३,६०० पाठवले. दोन मिनिटांत पावती आली. तिच्यावर गव्याचं चित्र, खाली "वनविभाग मान्यताप्राप्त" आणि गावाचं नाव "दाजिपूर", जि ऱ्हस्व. मला ते दिसलं होतं, पण घाईत टाइप केलं असेल असं वाटलं.

मग त्याचा फोन आला. "दादा, बुकिंग नंबर टाकायच्या आधीच पैसे आले, सिस्टिम घेत नाही. परत ३,६०० टाका, आधीचे आपोआप माघारी येतात." टाकले. पुन्हा फोन. "आता दोन्ही मिळून ७,२०० परत करतो, क्यूआर पाठवलाय. स्कॅन करून पिन टाका. पैसे इथं आल्यावर द्या." स्क्रीनवर ७,२०० भरायचे आहेत असं स्पष्ट दिसत होतं. मी तसं म्हटलंही. तो म्हणाला, "परताव्याला असंच दाखवतं." मी पिन टाकला आणि ७,२०० गेले.

इथं थांबून एक गोष्ट कळकळीनं सांगतो. पैसे घ्यायला पिन लागत नाही, कधीच नाही. कुणी काहीही कारण सांगो, पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात.

तो म्हणाला, सर्व्हर बंद आहे, सकाळी सातपर्यंत जमा होतील, नाही तर इथं रोख देतो. आम्ही झोपलो. सगळ्यात मोठं नुकसान तिथं झालं, कारण त्या रात्रीच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला असता, तर पैसे पुढं सरकायच्या आत अडवता आले असते.

पहाटे राधानगरीच्या जलाशयावर धुकं होतं, पोरं खिडकीला नाक लावून बसलेली. आबांनी माझ्या मोबाइलवर त्या पानावरचा झोपडीचा फोटो पहिल्यांदा तेव्हा बघितला. बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "ही झाडं आपल्याकडची न्हवंत." झोपडीमागं सरळसोट सूचीपर्णी झाडं होती. दाजीपूरच्या रानात जांभूळ, हिरडा, अंजनी. फोटोतली असली झाडं हिमालयातली.

दाजीपूरला पोचलो, तर पानावरच्या नावाची जागा खरोखर होती. मालक हात जोडून म्हणाले, "नाव आमचं, पण फोटो आमचे न्हाईत, नंबरही आमचा न्हाई." रात्रीचा नंबर बंद होता. तिथं रेंज येत-जात होती, म्हणून राधानगरीपर्यंत मागं येऊन माझ्या बायकोनं १९३० ला तक्रार दिली. व्यवहारांचे क्रमांक, वेळ, पावती, चॅट सगळं तिनं जपून ठेवलेलं, ते फार उपयोगी पडलं. पुढं त्यांच्याच संकेतस्थळावर सगळी माहिती भरली, बँकेत लेखी अर्ज दिला. ३,६०० रुपये पुढच्या एका खात्यात गोठवलेत असं कळलंय. अजून हातात आलेले नाहीत. बाकीचे काढून घेतले गेले.

जायचं असेल तर जरूर जा. पण जागेचा नंबर दोन ठिकाणांहून पडताळा, व्हिडिओ कॉलवर अंगण आणि मागचं रान दाखवायला सांगा. खरा मालक लगेच दाखवतो.

आबा त्या दिवशी गाडीतून फारसे उतरलेच नाहीत. "माझ्यामुळं झालं," असं दोनदा म्हणाले. पैशांपेक्षा मला ते जास्त लागलं.

काल ते पान पुन्हा शोधलं. नाव बदललंय, आता आंबोलीचं आहे. झोपडी तीच, मागची झाडंही तीच.