स्वतःचा चेहरा रंगवताना: तैलरंग की अ‍ॅक्रिलिक?

आरशासमोर एकट्यानं बसून स्वतःचा चेहरा रंगवायचा, तोही सोलापूरच्या मे महिन्यात! अ‍ॅक्रिलिकमधलं पाणी पंख्याखाली मिनिटांत उडतं. गालावरची सावली मिसळेपर्यंत रंग पॅलेटवरच चिकटतो. वास नाही, ब्रश नळाखाली धुता येतो, एवढं कौतुक पुरे.

तैलरंगातल्या जवसाच्या तेलाचं तसं नाही. ते उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेत हळूहळू घट्ट होतं. म्हणून रात्री डोळ्याखाली ओढलेली करडी रेघ मी सकाळी बोटानं पुसली, पुन्हा ओढली, पुन्हा पुसली. काल मी खरंच इतका दमलेला दिसत होतो?

रंग पातळ करायच्या टर्पेंटाइनच्या वासानं आई वैतागते, चादरीवरचा डागही निघालेला नाही. तरी मी तैलरंगच घेईन. शेवटी चित्रावर द्यायच्या व्हार्निशच्या थराला मात्र, रंग नीट वाळेपर्यंत, सहा महिने थांबायचं.